स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग परीक्षेचा अभ्यास : ठाणे व कल्याण-डोंबिवली

खेळाडूची ताकद, वेग व दम वाढावा आणि दुखापती टळाव्यात यासाठी शास्त्राच्या आधारे सराव आखणाऱ्या प्रशिक्षकाची पात्रता तपासणारी परीक्षा. या प्रकारच्या परीक्षांत सीएससीएस (सर्टिफाइड स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग स्पेशालिस्ट) ही सर्वांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन (एनएससीए) १९८५ पासून ती घेते. ही संस्था १९७८ मध्ये नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे बॉईड एप्ली यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. प्रस्तुत नोंद ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील उमेदवार समोर ठेवून, मुख्यतः व्यायामशास्त्राच्या भागापुरती लिहिली आहे.

पार्श्वभूमी : या परिसराला व्यायामाची परंपरा नवी नाही. ठाण्याचे मावळी मंडळ, कल्याणचे नमस्कार मंडळ ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी आहेत. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुल, ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडागृह ही अलीकडची केंद्रे. महाराष्ट्रात व्यायामाचा पद्धतशीर अभ्यास अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (१९१४) व लोणावळ्याच्या कैवल्यधामाने (१९२४) रुजवला. कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी आसने व प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी मोजले आणि ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. व्यायामाचा दावा मोजून पाहायचा, ही दृष्टी आपल्याकडे तेव्हापासून आहे. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ (१९३६–४९) हे मराठीतील या विषयाचे सर्वांत मोठे काम होय. मात्र स्नायू आकुंचन कसे पावतो याचा आज मान्य असलेला सरकतंतू सिद्धांत १९५४ मध्ये मांडला गेला. त्यामुळे परीक्षेला लागणारे शरीरक्रियाशास्त्र त्या कोशात सापडणे शक्य नाही.

स्वरूप : परीक्षा संगणकावर, इंग्रजीत, दोन भागांत होते. शास्त्रीय भागात गुण धरले जाणारे ८० प्रश्न असून वेळ दीड तास असतो. त्यांपैकी ४४ प्रश्न व्यायामशास्त्राचे, १९ क्रीडामानसशास्त्राचे व १७ पोषणाचे असतात. उपयोजित भागात ११० प्रश्न व अडीच तास. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ७० हा प्रमाणित गुणांक मिळवावा लागतो. पदवी व सीपीआरचे चालू प्रमाणपत्र आवश्यक असते. आजवर पदवी कोणत्याही शाखेची चालत आली आहे, म्हणजे कल्याणच्या बिर्ला किंवा डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयाचा वाणिज्य पदवीधरही अर्ज करू शकतो. २०३० पासून संबंधित विषयातीलच पदवी लागेल असे संस्थेने जाहीर केले आहे. अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांना ही अट केव्हापासून लागू होते, हे अर्जापूर्वी मूळ नियमांत पाहावे.

व्यायामशास्त्र : शास्त्रीय भागातील निम्म्याहून अधिक प्रश्न याच विषयाचे असतात आणि उमेदवार बहुधा येथेच अडखळतात. ऊर्जाप्रणालींचे कोष्टक पाठ होते, पण ते खेळाला लावता येत नाही. ठाणे जिल्ह्यातील उमेदवाराच्या हाताशी यासाठी कबड्डी आहे. चढाईची मुदत ३० सेकंदांची. सर्व ताकदीनिशी केलेल्या श्रमात पहिली सहा सेकंदे मुख्यतः फॉस्फेजेन प्रणाली, म्हणजे स्नायूत साठलेले एटीपी व क्रिएटिन फॉस्फेट, ऊर्जा पुरवते. सहा ते तीस सेकंदांत तिच्या जोडीला जलद ग्लायकोलिसिस येते, दोन मिनिटांपर्यंत ग्लायकोलिसिसच पुढे राहते आणि तीन मिनिटांनंतर ऑक्सिडेटिव्ह प्रणालीचा भार मोठा होतो. तिन्ही प्रणाली सतत चालू असतात. बदलते ते प्रमाण. परीक्षेत नेमके हेच वाक्य फिरवून विचारतात. चढाईपटूची निसटण्याची झेप पहिल्या प्रणालीवर, लांबलेली चढाई दुसरीवर आणि वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत पुन्हा पुन्हा सावरणे तिसरीवर अवलंबून असते. सराव आखताना १५ ते ३० सेकंदांच्या तीव्र श्रमाला तिप्पट ते पाचपट विश्रांती द्यावी, तर ५ ते १० सेकंदांच्या जवळजवळ कमाल श्रमाला १२ ते २० पट, हे प्रमाण एनएससीएच्या पाठ्यपुस्तकात दिले आहे. मैदानावर दर धावेनंतर मिनिटभरही न थांबता पुढची धाव लावली, तर वेगाचा सराव होत नाही. होतो तो थकव्याचा.

‘लॅक्टिक ॲसिड साठले म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखते’ ही समजूत जिममध्ये घट्ट आहे. रक्तातील लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. एक-दोन दिवसांनी जाणवणारे दुखणे मुख्यतः स्नायू लांबत असताना पेललेल्या भारामुळे, म्हणजे इक्सेंट्रिक श्रमामुळे, होते. बैठकीत खाली जाणे किंवा मल्लखांबावरून सावकाश उतरणे ही त्याची घरची उदाहरणे.

हेनेमन यांचे आकारमानाचे तत्त्वही असेच समजून घ्यावे : लहान मोटर युनिट (एक चेतापेशी व ती चालवते ते स्नायूतंतू) आधी कामाला लागतात, मोठी नंतर, म्हणून मोठ्या युनिटना सराव घडवायचा तर भार जड किंवा हालचाल वेगवान हवी. कमाल वजनाचा अंदाज काढण्याचे एप्ली यांचे सूत्र : उचललेले वजन × (१ + आवर्तने ÷ ३०). ८० किलो पाच वेळा उचलणाऱ्याची कमाल मर्यादा यानुसार सुमारे ९३ किलो येते. आवर्तने दहाच्या वर गेली की अंदाज सैल होतो.

सरावाची कालबद्ध विभागणी कोणत्या पद्धतीने करावी याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. परीक्षेपुरते पाठ्यपुस्तक प्रमाण मानावे.

क्रीडामानसशास्त्र व पोषण : एकत्रित ३६ प्रश्न, दुर्लक्ष करू नये.

तंत्र : उपयोजित भागात स्क्वॉट, पॉवर क्लीन, स्नॅच यांच्या चित्रफिती व छायाचित्रांवरून चुका ओळखाव्या लागतात. हे केवळ वाचून येत नाही. बार हाती घेतलेला असावा लागतो.

हवामान : उष्णतेत घामाचे बाष्पीभवन हा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग आहे. खाडीकाठच्या दमट हवेत तो मंदावतो. ठाण्याच्या पावसाळी मॅरेथॉनसाठी धावपटू तयार करणाऱ्याने हा भाग वगळू नये.

दर्जा : भारतात जिममध्ये शिकवण्यासाठी हे प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही, व्यावसायिक संघ व क्रीडा अकादमी त्याची दखल घेतात. ते भौतिकोपचाराचा परवाना नव्हे : दुखापतीचे निदान व उपचार डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडेच राहतात. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते व त्यासाठी सतत शिक्षणाची नोंद दाखवावी लागते.