तेरचे वस्तुसंग्रहालय आणि आपली लाकडी पेटी

विहाराचा वर्धापन दिन जवळ आला की स्मरणिकेसाठी लेख मागवले जातात, आणि अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी यांपैकी एखाद्या लेणीवर एक तरी लेख दरवर्षी येतोच. तो यावाच, आमची तक्रार नाही. पण लेणी बघून परतताना आमच्या मनात एक प्रश्न कायम राहून जाई. डोंगरात भिक्खू राहत, ध्यानधारणा करत, वर्षावास पाळत, हे खरं. पण त्यांच्या भिक्षापात्रात अन्न घालणारे उपासक-उपासिका कुठं राहत होते? त्यांच्या घरात भांडीकुंडी कोणती होती? बाया हातात काय भरत होत्या, पोरं कशाशी खेळत होती? याचं उत्तर आम्हाला मिळालं ते कुठल्या लेणीत नाही, तर धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर गावच्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयात. विहारातली आम्ही काही मंडळी तिथं जाऊन आलो. तेव्हापासून हा लेख लिहायचा होता.

तेर हे तेरणा नदीच्या काठचं गाव. बहुतेकांना ते संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे, आणि वारकरी आजही श्रद्धेने तिथं जातात. पण गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षं हेच गाव 'तगर' या नावाने सातासमुद्रापलीकडे माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गाच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या ग्रंथाला 'पेरिप्लस' म्हणतात. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असं त्याने नमूद केलं आहे. तगरहून साधं जाडंभरडं कापड आणि तलम मलमलही गाड्या भरभरून भडोचला जाई, आणि तेही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचं नाव आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे गावाची कीर्ती ओसरल्यावरही नावाचा मान शिल्लक होता. हे तगर नेमकं कोणतं यावर विद्वानांत बरेच दिवस वाद चालला. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली तगर म्हणजेच तेर हे सप्रमाण मांडलं आणि तो वाद मिटला.

इतिहासाच्या पुस्तकात ही चार वाक्यं झाली. पण गावातल्या माणसाला त्याचं काय? तेरच्या भोवती पांढरीची टेकाडं आहेत. जुन्या वस्तीची माती वर्षानुवर्षं साचून झालेल्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात, हे खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको. पाऊस पडून गेला की पांढरीतून मणी, नाणी, बांगड्यांचे तुकडे, मातीची चित्रं वर येतात. गुराखी पोरं ती उचलतात, खेळतात आणि टाकून देतात. नांगराला लागली तर शेतकरी बांधावर भिरकावतो. गावोगाव हेच चालत आलेलं आहे. तेरला मात्र एक माणूस असा निघाला की ज्याने हे तुकडे गोळा करायला सुरुवात केली. त्यांचं नाव रामलिंगप्पा लामतुरे. ते काही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते, प्राध्यापक नव्हते. गावातले व्यापारी गृहस्थ. दुसरा कुणी ज्याला खापर म्हणून लाथेने बाजूला सारेल ते त्यांनी उचलून घरी आणलं, वर्षानुवर्षं आणलं, आणि मुख्य म्हणजे विकलं नाही. अशा वस्तूंना शहरात गिऱ्हाईक असतं, हे व्यापाऱ्याला कळत नसेल असं थोडंच आहे? तो हजारो वस्तूंचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने तेरला शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं.

आता या संग्रहात काय आहे ते सांगतो. त्यातल्या पुष्कळशा वस्तू सातवाहन काळातल्या, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. मातीच्या मूर्ती आणि चित्रं तर भरपूर. त्यातही केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या पाहण्यासारख्या आहेत. दोन साच्यांत पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा दाबून घ्यायचा, मग दोन्ही अर्धी जोडायची, म्हणजे आतून पोकळ अशी वजनाला हलकी मूर्ती तयार होते. बायांच्या केशरचना इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या की आमच्यातल्या मुली त्याच पाहत उभ्या राहिल्या. शंखाच्या बांगड्या आहेत. तेरपासून समुद्र कितीतरी दूर, तरी शंख इथवर येत होता. रंगीत दगडांचे आणि काचेचे मणी आहेत, नाणी आहेत, दिवे आहेत. रोमन बादशहाच्या नाण्यावरून ठसा घेतलेली मातीची पदकंही तेरला सापडलेली आहेत. खरं सोन्याचं नाणं ज्याला परवडत नसेल त्याने मातीचं गळ्यात घातलं असेल, दुसरं काय! हौस गरिबालाही असतेच.

सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली आणि सगळे चकित झाले. तेरची मूर्ती त्याच घडणीची आहे, जणू बहिणीच. आपल्या मराठवाड्यातल्या भोकरदनलाही अशाच मूर्तीचा भाग मिळाला आहे. यावरून या मूर्ती दक्षिणेत घडून तिकडे गेल्या असाव्यात असं अनेक अभ्यासक मानतात. आणि हस्तिदंत कोरणारी माणसं कोण होती? सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीव काम केलं असा लेख आहे. म्हणजे याच धंद्यातली माणसं तथागतांच्या स्तूपासाठी छिन्नी चालवत होती.

पण आम्हाला स्वतःला जास्त ओळखीचा वाटला तो दगडी पाटा. सातवाहन काळातल्या पाट्यांना खाली दगडातच कोरलेले चार ठेंगणे पाय असतात. आमच्याबरोबर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. इतका वेळ त्या कंटाळल्या होत्या. पाटा दिसला तशा पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हा तर आपलाच पाटा. पाय तेवढे जास्तीचे." मग वरवंटा कसा धरत असतील ते हवेत करून दाखवलं. इतक्या सगळ्या वस्तूंत आजींना हीच एक वस्तू कुणी समजावून द्यावी लागली नाही.

आमच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला या पाट्यापाशी मिळालं असं वाटतं. लेण्यांतले शिलालेख नीट वाचले तर दान देणारे सगळेच काही राजे नव्हते. कार्ल्याला धेनुकाकट गावचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा गंधिक आहे, यवन आहेत. (यवन म्हटलं की मिलिंद राजा आणि भदंत नागसेन आठवतात. बाबासाहेबांनी संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावं उगीच नाही दिली.) कान्हेरीला कल्याणचा लोहार आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. नाशिकला उषवदाताने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापणं कायम ठेव म्हणून ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी पैसे मिळत. आजच्या भाषेत फिक्स डिपॉझिटच की! ही सुतार, लोहार, विणकर, कासार मंडळी अशाच नगरांत राहत होती. त्यांच्या घरी असाच पाटा होता. त्यांच्या लेकीसुनांच्या हातात शंखाच्याच बांगड्या होत्या. धम्म डोंगरात कोरला गेला खरा, पण तो पोसला गेला तो अशा घरांतून.

आणि धम्म तेरच्या बाहेरच्या डोंगरातच होता असंही नाही. गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. बांधणी विटांची, मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर. कार्ल्याचं चैत्यगृह ज्याने पाहिलं आहे त्याला दर्शनी कमान पाहून सांगावं लागत नाही. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी १९०२-०३ च्या अहवालात या वास्तूचं वर्णन केलं, आणि हे मुळात बौद्ध चैत्यगृह असून पुढे त्याचं मंदिर झालं असं मत रूढ झालं. आंध्रातलं चेझर्लाचं कपोतेश्वराचं देऊळ हेही असंच उदाहरण म्हणून दिलं जातं. काही अभ्यासकांना हे मान्य नाही. अशा आकाराची देवळंही बांधली जात होती, असं ते म्हणतात. आमचं मत विचाराल तर आम्ही कझिन्सच्या बाजूचे आहोत, कारण तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. पण मत आणि पुरावा यांत फरक असतो, तो आपण बौद्धांनी तरी विसरू नये. कालामांना भगवंतांनी काय सांगितलं ते आपण दर पौर्णिमेला ऐकतोच.

पुराव्यावरून आणखी एक गोष्ट सांगायची आहे. १९५७-५८ साली डॉ. चापेकर यांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. टेकाडावर उचललेला मणी आणि खड्ड्यात थरातून काढलेला मणी दिसायला सारखाच. पण थरातल्या मण्याबरोबर कोणतं नाणं होतं, कोणतं खापर होतं, वरती काय आणि खालती काय, याची नोंद राहते आणि त्यावरून त्याचं वय ठरतं. नुसत्या उचललेल्या मण्याला ते सांगता येत नाही. म्हणून संग्रहालयात वस्तू आली की तिला नंबर देतात, कुठे मिळाली, कुणी दिली, कशाची आहे हे वहीत लिहितात. वही नसेल तर वस्तू मुकी. लामतुऱ्यांनी वस्तू वाचवल्या, उत्खननाने त्यांना काळ दिला. दोन्ही कामं झाली म्हणून तेर आज बोलतं आहे.

हे ऐकत असताना आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळत होतो. कारण सांगतो. आपल्या जुन्या विहाराची पत्र्याची शेड पाडून स्लॅबचं बांधकाम काढलं तेव्हा कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती. त्यात वर्गणीची पावतीपुस्तकं होती, भीमजयंतीची जुनी हस्तपत्रकं होती, आणि एक लांबट वही होती. त्या वहीत आपल्या वस्तीतल्या कोणत्या घराने कधी धम्मदीक्षा घेतली त्याची नावं शाईने लिहिलेली होती. पेटीला वाळवी लागली होती. कुणीतरी म्हटलं, रद्दीत द्या. आम्हीच हो म्हटलं. रद्दीवाल्याने किती पैसे दिले तेही आता आठवत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कासाराचं नाव जुन्नरला दगडावर आहे, आणि आपल्या आजोबांनी कोणत्या साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या हे सांगायला आपल्याकडे कागद नाही.

तेरहून आल्यावर विहाराच्या बैठकीत हा विषय काढला. संग्रहालय वगैरे मोठी नावं घेऊ नका, असं ज्येष्ठांनी बजावलं, आणि ते बरोबरच होतं. विहारातलं एक लोखंडी कपाट मोकळं केलं आणि दोनशे पानी वही आणली. नंबर, वस्तू, कुणाची, कुठे मिळाली, कुणी दिली, असे पाच रकाने पाडले. शेवटच्या रकान्यावर 'देयधम' असं लिहिलं. लेण्यांतल्या शिलालेखांत दानासाठी हा शब्द येतो. महिनाभर कुणी काही आणलं नाही. मग त्या पाट्यावाल्या आजी आल्या. त्यांनी आपल्या सासूबाईंचं पांढरं लुगडं आणलं. १९५६ च्या ऑक्टोबरात ते नेसून त्या नागपूरला गेल्या होत्या. घडीवर पिवळे डाग पडले आहेत. आम्ही वहीत नंबर १ लिहिला, वस्तू लिहिली, कुणाची ते लिहिलं आणि विचारलं, "आजी, 'कुठे मिळाली' इथं काय लिहू?"

"ट्रंकेत होतं, लिहा," त्या म्हणाल्या. तसंच लिहिलं आहे.