तंबोरा की पेटीतला तंबोरा?

घरातलं मूल गाणं शिकू लागलं की पालक विचारतात, खरा तंबोरा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? पियानो शिकणाऱ्यांच्या घरी लाकडी की डिजिटल, हा तसाच वाद असतो. आमच्या कर्जत-खालापूरच्या पावसात हा प्रश्न जास्तच टोचतो. दमट हवेत लाकूड ओल धरतं आणि तारा सुरातून उतरतात. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला त्याचं काही नाही. बटण दाबलं की सूर हजर.

पण उत्तर देण्याआधी मिरजेचा इतिहास बघू.

मिरजेतले शिकलगार मुळात शस्त्रं घडवणारे, त्यांना धार लावणारे मुसलमान कारागीर. इंग्रजी अमलात तलवारींची मागणी घटली आणि रोजीचा प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतः वाद्यं घडवू लागले, असं तिथली परंपरा सांगते. संगीतप्रेमी पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होताच. त्यांच्या वंशजांचं आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि मिरजेचा हात, यांतून घडलेले तंबोरे देशभरच्या मैफलींत पोहोचले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचं निधन झालं आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. उरुसात आजही तिथे गायन होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

संगीताबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते मी जाणतो. तरी महाराष्ट्राच्या संगीतात मुसलमानांच्या हाताचा हा वाटा नाकारता येत नाही.

आता प्रश्नाकडे वळू. तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा कानोसा घेत घेत घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, मग तार गुंजते. हे काम पुस्तकातून येत नाही, बापाशेजारी बसून येतं. फोनवरच्या अनेक अ‍ॅपमधला आवाज खऱ्या तंबोऱ्यावरूनच रेकॉर्ड केलेला असतो. एकदा रेकॉर्ड झाला की लाखो घरांना पुरतो, पण जवारी काढणाऱ्याला त्यातून पुन्हा काम मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. पहिली दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक खुशाल घ्या. तो स्वस्त आहे आणि आपल्या पावसात टिकतो. मूल गाण्यात रमलं, तर मिरजेला जाऊन तंबोरा घ्या. मुलालाही सोबत न्या. तार जुळवायला शिकणं ही कानाची अर्धी तालीम असते, आणि बटण ती देत नाही.

शिकलगारांनी तलवार सोडून तंबोरा धरला, कारण नव्या कामाला गिऱ्हाईक होतं. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी जवारी धरून ठेवावी असं वाटत असेल, तर ते गिऱ्हाईक आपल्यालाच व्हावं लागेल.