तारेक पालो फुटता काय?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत परड्याच्या कुंपणावरून वाद झाला. एकीचं म्हणणं, वई काढून टाकूया, सिमेंटचे खांब नि काटेरी तार घालूया, दरवर्षीची कटकट जाईल. दुसरी म्हणाली, "तारेक पालो फुटता काय गे?" सगळ्या हसल्या, पण तारेसाठी गटातून कर्ज काढावं लागणार होतं, त्यामुळे विषय हसण्यावारी नेता आला नाही. पैसे उचलण्याआधी ही वई आली कुठून आणि तिने आजवर काय काय राखलं, ते समजून घ्यायचं ठरलं. आज तेच सांगतो आहोत.

आपल्या मालवण भागात जांभा दगड हाताशी, म्हणून गडगा रचायची रीत जुनी. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. पण बकरी गडग्यावर चढते आणि पावसात गडगा ढासळतो. म्हणून गडग्याच्या कडेने झाडं लावायची. बाहेरच्या अंगाला गुरं तोंड लावत नाहीत अशी: निगडी, मोगली एरंड, शेर, निवडुंग. आतल्या अंगाला पाल्याची आणि कामाची: गिरिपुष्प, शेवगा, पांगारा, अडुळसा. जागा असेल तिथे माणगा बांबूचं बेट, म्हणजे अडचणीला चार पैसे. पावसाळ्यात वर तोंडली नि कारली चढवायची. बाळंतिणीच्या आंघोळीचा निगडीचा पाला आणि खोकल्याचा अडुळसा याच वईतून यायचा. हे आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, सासवांनी दाखवलं.

यातली सगळी झाडं इथली नाहीत, हे कळल्यावर आम्हालाही नवल वाटलं. निवडुंग, मोगली एरंड, गिरिपुष्प, तिन्ही मूळची अमेरिका खंडातली, आपल्या काजूसारखीच. काजू पोर्तुगीजांनी आणला, एरंडही त्यांच्याच गलबतांतून आला असं मानतात. गिरिपुष्पाला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, कारण त्याच्या बिया नि साल उंदरांना विष म्हणून घालत. मोगली एरंडाची तर एकदा दिल्लीपर्यंत चर्चा गेली. २००३ च्या सुमारास त्याच्या बियांपासून डिझेल काढायच्या मोठमोठ्या योजना निघाल्या. पुढे ते सगळं थंडावलं. एरंड वईवर होता तिथेच आहे. त्याच्या बिया मात्र विषारी, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आता वईच्या भांडणांचा इतिहास. सुगी संपली की गुरं मोकळी सुटत आणि वायंगणी शेत किंवा भाजीचा मळा असेल तिथे घुसत. इंग्रज सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. पीक खाणारं गुरू शेतकऱ्याने पकडावं, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावं. सात दिवसांत कोणी आलं नाही तर नोटीस लावून लिलाव. आमच्यातल्या वयस्क बायांना कोंडवाड्याच्या दाराशी उभं राहिल्याचं आठवतं. घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, मनीऑर्डर यायला आठ दिवस, आणि गाय आत हंबरतेय. कायद्याने चूक गुरांच्या मालकाची. गावात मात्र पहिला प्रश्न यायचा, "वय कोणाची मोडलेली?" आणि वई मोडलेली असली तर बोल बाईलाच, कारण ती बांधायचं काम तिचंच. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार गावी परतले, तेव्हा काही वर्षं वईला पुरुषाचे हात लागले. फार वर्षं नाहीत.

इथे थोडं आडवळणाने जातो, कारण गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात सिंधू नदीपासून पार ओडिशाच्या दिशेने एक जकातीची सीमा आखली होती. का, तर कर न भरलेलं मीठ पलीकडे जाऊ नये. त्या सीमेवर कित्येक मैल त्यांनी जिवंत झाडांची वई उभी केली. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, आपण लावतो तसलीच झाडं, ठिकठिकाणी पुरुषभर उंचीच्या दुप्पट. अ‍ॅलन ह्यूम नावाच्या अधिकाऱ्याने ती वाढवली. हेच ह्यूमसाहेब पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत होते. १८७९ साली ती सीमा मोडली, वई वाळून गेली. मिठावरचा कर मात्र राहिला आणि त्याच करासाठी मे १९३० मध्ये आपल्या शिरोड्याच्या मिठागरात लोकांनी सत्याग्रह केला. झाड तेच असतं. गरिबाचं मीठ अडवायला लावा, नाहीतर मुळ्याचा वाफा राखायला लावा.

वईच्या आतलं जनावरही आपलंच हवं, ही गोष्ट आम्ही पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून गटाने घाटावरच्या शेळ्या घेतल्या. दिसायला थोराड, बघताक्षणी भुलावं अशा. आषाढ लागला. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गोठा दिवसेंदिवस वाळत नाही. त्या शेळ्यांचे खूर सडले, सर्दी झाली, आणि गणपती येईपर्यंत निम्म्याहून अधिक गेल्या. चूक शेळ्यांची नव्हती. त्या कोरड्या मुलखातल्या. कर्जाचे हप्ते आम्ही पुढची दोन वर्षं फेडत होतो, आणि त्या हप्त्यांवरून दोघी गट सोडून गेल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत.

आणि आपली शेळी तर परड्यातच होती. काळी, तोंडावर नाकापासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे, लांब कानांना पांढरी कड. तिला कोकण कन्याळ म्हणतात. कुडाळ तालुक्यात निळेलीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तिचा अभ्यास झाला आणि हरयाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केली. जुळी करडं देणं तिला नवीन नाही.

गायीचंही तसंच. आपल्या ठेंगण्या, तांबूस, काळ्या, करड्या गायीला सरकारी कागदात नावच नव्हतं, 'गावठी' एवढीच तिची ओळख. १९७० नंतर दुधाचा महापूर आला, जर्सी नि होल्स्टीनची रेतनं आली. गावठी गाय दोनेक लिटर देणार, तिच्याकडे कोण बघतो? २०१८ साली 'कोकण कपिला' या नावाने तिची नोंद झाली. दुधाचा हिशोब करून तिला मापू नये असं आमचं मत आहे. चिंचोळ्या कुणग्यात वळणारा, चिखलात न रुतणारा हलका बैल तिच्याच पोटी येतो. सड्यावरच्या सुक्या गवतावर ती तग धरते. आणि शेण तर लागतंच, शेणाशिवाय वईच्या पाल्याचं खत कसं व्हायचं? पण नोंद झाली म्हणून जात टिकत नाही. पॉवर टिलर आल्यापासून आमच्या वाडीतला शेवटचा वळू विकला गेला, आणि आता रेतनासाठी हाक मारली की जर्सीचीच कांडी आणतात. आपण कपिलाच मागायची, मिळेपर्यंत मागायची, हे गटाने त्याच बैठकीत ठरवलं.

तारेचा निर्णय अर्धा झाला आहे. रस्त्याकडच्या बाजूला, जिथे रानडुकरं घुसतात, तिथे तार घालणार. वईने डुक्कर थांबत नाही, हे खोटं कशाला सांगा? बाकी तिन्ही बाजूंना वई राहील. ज्यांना नवीन लावायची आहे त्यांनी पहिल्या पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाच्या पुरुषभर उंचीच्या, मनगटाएवढ्या जाड काठ्या कापाव्यात. खालचं टोक तिरकं छाटावं, वीतदीड वीत खोल रोवावं, आणि काठी उलटी रोवली जात नाही ना ते बघावं. पहिलं वर्षभर बकरीला जवळ फिरकू देऊ नका. आमच्याकडे छाटणीच्या काठ्या आहेत, मिरगाच्या आधीच्या रविवारी येऊन घेऊन जा. येताना कोयता आणा.