अचलपूर आलं काय?

अचल म्हणजे न हलणारं. डोंगरालाही अचल म्हणतात, आणि अचलपूर गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशीच आहे. पण या नावाइतकं हललेलं नाव वऱ्हाडात क्वचितच सापडेल. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण रचलं, त्यात खास या गावासाठी एक नियम घातला: 'च' आणि 'ल' यांनी जागा बदलायची. झालं अलचपूर, पुढे एलिचपूर. या नावामागे ईल राजाची दंतकथा लोक सांगतात ती सांगोत, मला हा व्याकरणाचा दाखला अधिक भावतो. नावातलं 'चल'च चळलं!

आर्यभटाने ४९९च्या सुमारास हाच 'अचल' शब्द आकाशाला लावला. नावेतल्या माणसाला काठावरची अचल वस्तू उलट्या दिशेने जाताना दिसते. तारेही तसेच, अचल असून पश्चिमेला सरकताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. ब्रह्मगुप्ताला हे पटलं नाही. पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत कशा नाहीत, असा त्याचा सवाल. त्याचा उलगडा १६३२मध्ये गॅलिलिओच्या जहाजात सापडतो: जहाज एकसारखं, संथ चालत असेल, तर टांगलेल्या भांड्यातला थेंब बरोबर खालच्या भांड्यातच पडतो.

वऱ्हाडात जहाज कुठलं? आपली शकुंतला होती. मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७७ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, १९९४पर्यंत वाफेचं इंजिन. डब्यात संत्रं वर उडवलं तर ते मागे न राहता हातातच परत यायचं. अंजनगाव सोडलं की रुळालगतच्या बाभळी सपासप मागे पळत, पऱ्हाटीचे तास पंख्याच्या काड्यांसारखे उघडत-मिटत, आणि डावीकडचा गाविलगड मात्र गाडीसोबतच चाललेला. तिघंही जमिनीला खिळलेले, पण लांब-जवळ असण्याप्रमाणे ज्याची त्याची चाल वेगळी.

शाळेत 'संदर्भ-चौकट' म्हणून जे घोकावं लागतं, ते डब्यातल्या बोलण्यात आधीपासूनच होतं. "बनोसा आलं काय, भाऊ?" म्हणजे बाकावरचा माणूस जागीच, आणि गाव चालत त्याच्याकडे यायचं.

शकुंतला काही वर्षांपासून बंद आहे. डुलकी लागलेला म्हातारा आता एसटीत दचकून उठतो आणि कंडक्टरला विचारतो, "अचलपूर आलं काय?"