पाण्याखालचा पट्टा

ज्याने पेरले त्याने कापावे, हा न्याय कोणत्याही खेड्यातील शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. परंतु पेरणी पाण्याखाली झाली असेल तर? अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानात रॅरिटन नदीच्या मुखापाशी पर्थ अँबॉय नावाचे गाव आहे. त्या गावाजवळ, नदीच्या काठाला लागून, रॉबर्ट अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाचे शेत होते. शेतासमोरच्या भरतीच्या पाण्यात त्याने कालवे आणून टाकली आणि चहूबाजूंनी खुंट ठोकून आपली हद्द दाखविली. पुढे मंडी नावाचा एक इसम होड्या घेऊन आला आणि ती कालवे उचलून चालता झाला. अर्नोल्डने फिर्याद केली. तिचा निकाल १८२१ साली लागला आणि अर्नोल्ड हरला.

कालवे म्हणजे येथे पाटबंधाऱ्याचे कालवे नव्हेत. खडकाला घट्ट चिकटून राहणारा, खडबडीत शिंपल्यांचा जो जीव कोकणात व गोव्यात ओहोटीच्या वेळी बायका लोखंडाने ठोकून काढतात, तो हा. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांनी तो पाहिला नसेल. पण सामाईक गायरानाचा तंटा त्यांनी खचितच पाहिला असेल, आणि हा तंटा त्याच जातीचा आहे.

अर्नोल्डचे म्हणणे असे, की आपल्या जमिनीचा हक्क थेट इंग्लंडच्या राजाच्या सनदेपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६४ साली हा सारा मुलूख आपल्या भावास, ड्यूक ऑफ यॉर्क यास, बहाल केला; त्यातच नदीचा तळही आला. मुख्य न्यायाधीश अँड्र्यू कर्कपॅट्रिक यांनी या युक्तिवादाचे मूळच उपटले. भरतीओहोटीच्या पाण्याखालची जमीन राजाकडे होती ती मालमत्ता म्हणून नव्हे, तर प्रजेची ठेव म्हणून, असा त्यांचा निर्णय होता. स्वातंत्र्ययुद्धानंतर ती ठेव न्यू जर्सीच्या लोकांकडे आली. सरकारने तिची व्यवस्था लावावी, नियम करावेत. परंतु सर्वांचा हक्क बुडवून ती कोणा एकाच्या पदरात टाकण्याचा अधिकार सरकारलाही नाही. जो माणूस सर्वांच्या पाण्यात कालवे टाकतो, त्याला ती दुसऱ्याने उचलली म्हणून अतिक्रमणाची फिर्याद करता येत नाही.

हा विचार आपल्याकडे अगदीच परका नव्हे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ सरकारचा ठरविला. मात्र सरकारचा म्हणजे सरकारच्या मर्जीचा, की लोकांच्या वतीने सांभाळलेला, हा भेद कलमाच्या भाषेत दडून राहतो. न्यू जर्सीच्या निकालाने तो उघड मांडला, हे त्याचे मोठेपण.

तरीही अर्नोल्डची बाजू सर्वस्वी खोटी होती असे म्हणवत नाही. ज्या तळावर कोणाचीच मालकी नाही, तेथे बी टाकण्याचे कष्ट कोण घेणार? आणि कालवांच्या बाबतीत निसर्गानेच हा गुंता वाढविला आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कीथ ब्रुक्स यांनी १८७९ च्या सुमारास प्रयोगाने दाखवून दिले, की अमेरिकन कालवाची अंडी आईच्या शिंपल्यात नव्हे, तर उघड्या पाण्यात फळतात. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले दोनतीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात, आणि मग एखाद्या स्वच्छ, टणक वस्तूवर, बहुधा जुन्या शिंपल्यावर, कायमची चिकटून बसतात. म्हणजे जननी एका तळावर आणि संतती कोसभर दूर दुसऱ्याच्या तळावर! गाईचे वासरू शेजाऱ्याच्या गोठ्यात सापडले तर ते ओळखता तरी येते.

ब्रुक्स यांनी ज्या पाण्यात अभ्यास केला तो चेसापीक उपसागर मेरिलंड व व्हर्जिनिया या दोन संस्थानांत विभागलेला आहे. मेरिलंडने १८३० सालीच एक कायदा करून नागरिकाला कालवे लावण्यासाठी एक एकर तळ राखून घेण्याची मुभा दिली होती. पुढे ती मर्यादा पाच एकरांवर नेली. पण बाकीचा उपसागर सर्वांना मोकळाच राहिला, आणि बहुतेकांना तसाच हवा होता. यादवी युद्धानंतर दास्यातून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी अनेकांना कोणी जमीन दिली नव्हती. एक होडी आणि लांब दांड्यांचा चिमटा एवढ्या भांडवलावर त्यांना या पाण्याने पोट भरू दिले. ज्याच्या नावावर एक बिघाही नाही, त्याची सारी जहागीर म्हणजे हा सामाईक तळ. हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील शंभर वर्षांचा विरोध कळणार नाही. तो आडमुठेपणा होता असे शास्त्रज्ञ म्हणत. तो उपासमारीचा हिशेब होता.

रेल्वे आली, डबाबंद कालवांचे कारखाने निघाले आणि मागणीला अंत राहिला नाही. तळ खरवडणारी लोखंडी झोळी ओढीत मोठी गलबते खडकांवर तुटून पडली. चिमटेवाले आणि झोळीवाले यांच्यात गोळीबार होऊ लागले. १८६८ साली मेरिलंडने या कालवांसाठी चक्क एक आरमारी पोलीस दल उभारले. त्याचा पहिला प्रमुख हंटर डेव्हिडसन हा यादवी युद्धात दक्षिणेच्या आरमारात लढलेला अधिकारी होता. १८८४-८५ च्या हंगामात मेरिलंडचे उत्पन्न दीड कोटी बुशेलांवर गेले. तेच शिखर. त्यानंतर उतरणच लागली.

ब्रुक्स यांनी ती उतरण आधीच ओळखली होती. १८९१ साली त्यांनी कालवांवर एक पुस्तक लिहून बजावले, की केवळ लुटून उपसागर टिकणार नाही. त्याची शेती केली पाहिजे आणि शेती हवी तर शेतकऱ्याला तळाचा भरवसा दिला पाहिजे. त्यांचे शास्त्र पक्के होते. तळ भांडवलवाल्यांच्या हाती गेला की आपण त्यांच्या गलबतावरचे रोजंदार होऊ, या मच्छीमारांच्या भीतीला मात्र त्यांनी पुरेसे वजन दिले नाही. विधिमंडळातल्या सभासदांनी ते दिले, कारण मच्छीमारांना मते होती.

व्हर्जिनियाने निराळा मार्ग धरला. १८९२ ते १८९४ या काळात जेम्स बेलर यांच्याकडून मोजणी करवून जेथे कालवे आपसूक वाढतात तो तळ लोकांसाठी कायमचा राखला, आणि उरलेला पट्ट्याने देण्यास मोकळा केला. मेरिलंडमध्ये असा कायदा होण्यास १९०६ साल उजाडले. बाल्टिमोरचे वकील हॅमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यानुसार १९०६ ते १९१२ पर्यंत येट्स नावाच्या सरकारी मोजणी अधिकाऱ्याने सारा उपसागर मोजला, खडकांचे नकाशे केले, खुणा रोविल्या. पण नैसर्गिक खडक कशाला म्हणावे, या एका व्याख्येवर सारी योजना अडली. पट्ट्यासाठी अर्ज आला की मच्छीमार पुढे येऊन सांगत, येथे आमचे वाडवडील कालवे काढीत होते. कायद्यात दुरुस्त्याही त्यांच्याच बाजूने झाल्या. परिणाम असा झाला, की कालवे मेली तरी नकाशा जिवंत राहिला.

आणि ती मेली, हे खरे. १९५९ साली चेसापीकमध्ये एक नवा रोग आढळला; जुन्या रोगाची त्यात भर पडली. माणसाला त्यांपासून अपाय नाही, कालवे मात्र वाढीला लागण्याआधीच मरू लागली. जे खडक एकेकाळी गलबतांच्या वाटा अडवीत, ते गाळाखाली गडप झाले. जिवंत शिंपला नाही तेथे नव्या पिलांना बसायला जागा नाही, आणि पिले नाहीत म्हणून शिंपला नाही.

पिंजऱ्याची शेती या पेचातून पुढे आली. रोपवाटिकेत वाढविलेली पिले जाळीच्या पिंजऱ्यांत घालून ते तळापासून उचलून धरतात किंवा पाण्यावर तरंगत ठेवतात. गाळ लागत नाही, खेकडे व पाकट मासे खाऊ शकत नाहीत, वाहत्या पाण्यातून अन्न भरपूर मिळते. परंतु परवान्याच्या दृष्टीने पाहता या पिंजऱ्याने जुना तंटा तळावरून उचलून थेट पृष्ठभागावर आणला. तळावर पसरलेले कालव कोणाला दिसत नाही. त्याच्यावरून होडी जाते, जाळे पडते. पिंजरा मात्र जागा अडवतो. म्हणून मेरिलंडमध्ये तळाचा पट्टा वेगळा आणि पाण्याच्या उभ्या थराचा पट्टा वेगळा. हा दुसरा मिळविणे अधिक कठीण.

१८९९ च्या केंद्रीय कायद्यान्वये नौकावहनाच्या पाण्यात काहीही उभे करायचे तर लष्कराच्या अभियांत्रिकी खात्याची संमती लागते. १९२४ च्या हिवाळ्यात दूषित कालवांमुळे अमेरिकेतील अनेक शहरांत विषमज्वर पसरला व माणसे दगावली. त्यानंतर पाण्याची प्रत तपासून मगच कालवे विकू देण्याची देशव्यापी व्यवस्था १९२५ साली सुरू झाली. तेव्हा आरोग्याचा दाखलाही हवा. पाण्याखाली गवताची कुरणे असतील तर पिंजऱ्याची सावली पडून ती मरतील, म्हणून तेथे मनाई. सार्वजनिक मच्छीमारीच्या हद्दीपासून दूर राहायचे. या अटींपैकी एकही निरर्थक नाही. प्रत्येकीमागे कोणाचे तरी नुकसान आहे. अर्जदाराला मात्र त्या सगळ्या एकदम भेटतात.

मेरिलंडने २००९ साली पट्ट्यांचा कायदा मुळापासून बदलला. काही तालुक्यांतील जुनी बंदी उठली आणि येट्सच्या नकाशावर खडक म्हणून राखलेला, पण दीर्घकाळ ओसाड पडलेला बराचसा तळ अर्जांसाठी खुला झाला. पट्टा वीस वर्षांचा; आणि पट्टा घेऊन तळ पडीक ठेवला तर तो परत जातो. सरकारने जमीन विकली नाही, वहिवाट दिली. कर्कपॅट्रिक यांनी सांगितलेल्या ठेवीशी हे पुष्कळसे जुळते.

अर्ज आला की वर्तमानपत्रात नोटीस निघते. मग हरकती येतात, आणि त्यांत आता एक नवा आवाज आहे. काठावर घरे बांधून राहिलेले सुखवस्तू लोक सांगतात, की आमच्या धक्क्यासमोर काळे पिंजरे तरंगू लागले, तर देखावा बिघडेल, नौकाविहारात अडथळा येईल. जुना मच्छीमारही त्याच सुनावणीत येऊन बसतो. त्याची तक्रार खेकड्यांची दोर टाकण्याची जागा गेल्याची असते. अर्जदार पुष्कळदा त्याच्याच आळीतला असतो. कधी तो त्याचाच मुलगा असतो, ज्याला रिकाम्या खडकावर चिमटा मारीत बसणे परवडत नाही. हरकत मागे घेतली गेली नाही, तर प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे जाते. पिलांची मागणी रोपवाटिकेत आगाऊ नोंदवावी लागते, आणि पिले तारखेवर तयार होतात. न्यायाधीशाचा निर्णय तारखेवर येईलच असे नाही.