राबाचा धूर आणि भाताचं नत्र

भात हेही एक गवतच. माझ्या लहानपणी कल्याण सोडून मुरबाडच्या वाटेला लागलं, की उन्हाळ्याच्या अखेरीस खाचरांतून राबाचा धूर दिसे. शेण, टहाळ, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची, सारं जाळायचं आणि पावसाच्या तोंडावर तिथेच भाताचं बी पेरायचं.

इंग्रज सरकारनं ठाणे-कुलाब्यातली जंगलं राखीव केली आणि टहाळ तोडण्यावर बंधनं आली. रयतेच्या तक्रारींमुळे १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. पुढे १८९३ च्या अहवालात डॉ. व्होल्कर यांनी राब परिणामकारक असल्याचं मान्य केलं. त्यामागचं एक कारण १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या प्रयोगांत सापडतं. तापवलेल्या मातीत अमोनिया वाढतो, म्हणजे रोपाला नत्र मिळतं.

तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड तीनशेच्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. या वायूवर गवत पोसतं, मग पीक आपोआप वाढेल, असं वाटतं. पण अमेरिकेत मिनेसोटाच्या कुरणात १९९८ पासून चाललेल्या प्रयोगात, नत्र कमी असलेल्या वाफ्यांतली ही जादा वाढ काही वर्षांत ओसरली. जपान-चीनच्या भातखाचरांत वाढीव वायूखाली तांदळातली प्रथिनं सुमारे दहा टक्क्यांनी घटली.

कल्याण-डोंबिवलीची बरीच खाचरं आता इमारतींखाली गेली. उरलेल्या खाचरांत भात उंच दिसला, तरी दाण्यात काय उतरलं हे पाहावं लागेल. टहाळासाठी भांडणारा कुळवाडी रोपाच्या पोटासाठीच भांडत होता.