बून हॉल: वाड्याआधीची नऊ घरं

आजचा विषय आहे लग्नाचा वेन्यू. हसू नका, इतिहासाचाच भाग आहे!

माझी आतेबहीण अमेरिकेत असते. तिच्या लग्नासाठी आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज लिंक पडतात. त्यातली एक सगळ्यांनाच आवडली: साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळचं बून हॉल. दोन्ही बाजूंना ओकची प्रचंड झाडं, मधून लांबलचक रस्ता आणि शेवटी पांढऱ्या खांबांचा वाडा. 'द नोटबुक' सिनेमात दिसतो तोच. आत्या म्हणाली, "किती जुना असेल ना!" म्हटलं, बघूया.

तर, बून हॉलचा मळा १६८१चा. ओकची झाडं १७४३ची. आणि वाडा? १९३६चा! थॉमस स्टोन नावाच्या कॅनडाच्या गृहस्थाने तो जुन्या शैलीत बांधून घेतला. म्हणजे वाडा आपल्या आजीच्या वयाचा.

मग तिथे खरंच जुनं काय आहे? त्याच झाडांच्या रस्त्यालगत विटांची नऊ छोटी घरं आहेत, साधारण १७९० ते १८१०च्या काळातली. ती गुलामांची घरं. वाड्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीची.

गुलाम तिथे काय करायचे? शेती तर होतीच, पण मोठा धंदा विटांचा. १८५०च्या सुमारास हॉरलबेक कुटुंबाच्या मालकीत इथे ८५ गुलाम वर्षाला ४० लाख विटा पाडत. मी इंजिनिअर, आकडा दिसला की भागाकार होतोच. एकही सुट्टी न धरता माणशी रोज जवळपास १३० विटा. माती काढा, मळा, साच्यात घाला, भाजा. मजुरी शून्य.

२०१२ मध्ये ब्लेक लाइव्हली आणि रायन रेनॉल्ड्स यांनी इथेच लग्न केलं. २०२०मध्ये रेनॉल्ड्सने जाहीर माफी मागितली. त्याचं म्हणणं, तेव्हा आम्हाला पिंटरेस्टवरचा एक वेन्यू दिसला. नंतर कळलं की ती जागा भीषण दुःखावर उभी आहे. त्याआधी, २०१९मध्ये, 'कलर ऑफ चेंज' या संघटनेच्या मोहिमेमुळे पिंटरेस्टने अशा लग्नांच्या फोटोंचा प्रसार मर्यादित करायचं ठरवलं होतं. हे मला महत्त्वाचं वाटतं. सर्चमध्ये काय वर येतं, यावर आपला 'सुंदर' शब्दाचा अर्थ ठरत जातो.

आता तुम्ही म्हणाल, कुठल्या जुन्या वास्तूत कुणाचा घाम आणि रक्त नाही? मग लग्न करायचं कुठे? प्रश्न बरोबर आहे. पण इथे फरक आहे. बून हॉलच्या लग्नात जे विकलं जातं, ती मळेवाल्या मालकाची ऐट आहे. झाडांच्या रस्त्याने बग्गीतून यायचं आणि बाजूची घरं फ्रेमबाहेर ठेवायची.

दुसरी बाजूही सांगतो. त्या नऊ घरांत आज कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे, गुलामांच्या वंशजांची गुल्ला संस्कृतीही तिथे उलगडून दाखवतात. तिकीट काढून ते जरूर बघावं. म्हणून बहिणीला मी एवढंच लिहिलं: बघायला जाऊ, अक्षता दुसरीकडे टाकू. तिने थम्स-अप दिलाय, आत्या अजून फोटो बघतेय.

तुमच्या यादीत एखादा जुना वाडा असेल, तर भाडं विचारताना आणखी एक विचारा: इथे राबत कोण होतं आणि ते राहायचे कुठे? उत्तर मिळालं तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!